रंभाबाईची नववी

रंभाबाईला कुणी शिक्षण विचारलं, की ती पदर खोचून ठणकावून सांगायची, "नववी!" विचारणारा आधी तिच्याकडे बघायचा, मग तिच्या डोक्यावरच्या माशांच्या पाटीकडे, आणि चाचरत म्हणायचा, "नववी पास?"

"मग काय नापास? बीजगणित घेऊन!"

आणि अक्षरओळख म्हणाल, तर बाईला स्वतःच्या नावातला 'र' ओळखता येत नव्हता. आता तुम्ही म्हणाल, चक्क थाप मारायची की! तर तसं नाही. थाप तिनं मारली होती, ती एकदाच, सदुसष्ट सालच्या जून महिन्यात. पण तीही थाप होती की नव्हती, यावर एका शिकलेल्या माणसाचं मत पाच महिन्यांत बदललं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

रंभाबाईचा पाडा तारापूरच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. सगळी घरं मासेमारीची. हायस्कूल खाडीत वर, तीन किलोमीटरवर. भरती लागली की पोरांनी होडीत बसायचं, अर्ध्या तासात वल्हं आणि पाणी मिळून शाळेच्या धक्क्याला नेऊन लावायचं. ओहोटीला तशीच होडी खाली घरी. पाण्याची वेळ आणि शाळेची घंटा यांचं जमलं नाही, तर मिठागरांच्या बांधावरून पायपीट. रंभाबाईचा नवरा महादू स्वतःच्या होडीवर तांडेल. माणूस कामाला वाघ, पण बोलायला कंजूष. बायको दोघांच्या वाटचं बोलून टाकते, मग आपण कशाला तोंड शिणवा, असा त्याचा हिशोब. आणि एकुलती एक लेक हंसा, आठवी पास झालेली.

त्या वेळी तिकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसरच्या बाजारात नवी नवी गिऱ्हाइकं यायची. त्यांत मंगलाबाई नावाची एक तरुण बाई होती. दर बुधवारी यायची आणि रंभाबाईकडून ताजं पापलेट घेऊन जायची. भाव करायची नाही, नुसतं वजन चोख मागायची. चार बुधवार झाल्यावर रंभाबाईला राहवलं नाही.

"बाई, पापलेट कसं करता वो? कालवण की तळून?"

"जाळून राख करते," मंगलाबाई म्हणाली.

रंभाबाईच्या हातातला कोयता तसाच राहिला. "राख?"

मंगलाबाईनं हसत हसत समजावून सांगितलं, की ती प्रयोगशाळेत काम करते. समुद्राच्या पाण्यात, माशात आत्ता काय काय आहे ते मोजून लिहून ठेवायचं, म्हणजे केंद्र सुरू झाल्यावर पुन्हा मोजून ताडून बघता येतं.

"आणि ह्याचा पगार देतात?"

"देतात तर!"

अगं बाई! चांगलं चकचकीत पापलेट जाळायचं आणि वर पगार घ्यायचा, म्हणजे ही विद्या केवढी थोर असली पाहिजे! रंभाबाईनं विचारलं, ही विद्या सुरू कुठून होते? मंगलाबाई म्हणाली, "नववीपासून. नववीत मी बीजगणित-भूमिती घेतलं, म्हणून पुढे सायन्सला जाता आलं. तिथं सोडलं असतं, तर दार तिथंच बंद झालं असतं."

झालं! रंभाबाईच्या मनानं घेतलं. हंसाची नववी, बीजगणित घेऊन.

पण नेमकं शाळेत उलटं चाललेलं. नववीचे दोन वर्ग. एकात बीजगणित, भूमिती आणि शास्त्र. दुसऱ्यात साधं अंकगणित आणि गृहशास्त्र. मुलींची नावं न विचारताच दुसऱ्या वर्गात टाकलेली. हंसाला हे कळलं तो यादीचा शेवटचा दिवस, दोन वाजता यादी बंद. बातमी पाड्यावर पोचली तेव्हा खाडी जोरात उतरत होती आणि बांधावरची वाट पावसानं पाण्याखाली होती. होडीवाला शांताराम म्हणाला, "भरती लागली का सोडतो." भरती लागणार तिन्हीसांजेला! रंभाबाईनं त्याला दोन ठेवणीतल्या शिव्या दिल्या, त्याचीच होडी ओढली, हंसाच्या हातात पाणी उपसायला करवंटी दिली आणि वल्हं धरलं. बांधकामावरचा बाराचा भोंगा वाजत होता. शाळेच्या ऑफिसात मायलेकी शिरल्या, तेव्हा घड्याळात दीड वाजला होता आणि दोघींच्या अंगातून पाणी गळत होतं.

गणिताचे एकनाथ सर यादी घेऊन बसले होते. सर केळव्याकडच्या पानवेलीच्या वाडीतले, अंगानं भरलेले, वृत्तीनं सरळ. समुद्र घरापासून हाकेवर, पण उभ्या जन्मात होडीत बसले नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, "बाई, बीजगणित रोज घरी घटवून घ्यावं लागतं. मुलीला घरी कुणी सांगणारं आहे का?"

"हाय ना."

"कोण?"

"मी!"

हंसानं एकदम स्वतःच्या पायांकडे बघायला सुरुवात केली.

"तुम्ही? किती शिकलात?"

"बीजगणितापुरतं," रंभाबाई म्हणाली. आता तोंडातून निघालंच होतं, तर तोऱ्यात का निघू नये?

सरांनी क्षणभर विचार केला. "ठीक आहे. घरी बीजगणित येणारं कुणी असेल, तर मुलगी ह्या वर्गात बसेल. मात्र दिवाळीआधीच्या सहामाहीत पस्तीसच्या खाली आली, तर शेजारच्या वर्गात जावं लागेल. करा सही."

"हात वले हायत, सर. कागद भिजंल. पोरगी करंल माज्या नावाची."

परतताना होडीत हंसा म्हणाली, "आये, तुला बीजगणित येतं?"

"नाय येत. पण ते कुटं पळून चाललंय? शिकू!"

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, पुरुषमाणसं जाळी विणत बसलेली. हंसा शाळेतून आली, की रंभाबाई जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून हुकूम सोडायची, "वाच!" पहिल्याच दिवशी मुक्काम पडला तो 'क्ष'पाशी.

"हा क्ष कोण?"

"माहीत नाही ती संख्या."

"म्हाइत नाय तर पुस्तकात घातली कशाला?"

"शोधून काढायची असते, आये."

"मग असं सांग ना! हरवलाय तो!"

हरवलेला म्हटल्यावर रंभाबाईला त्याची माया आली. रोज एक क्ष हरवायचा आणि मायलेकी तो शोधायच्या. चार दिवसांत सगळ्या आळीला नाद लागला. शेजारची तानी पाणी भरायला जाताना कुडावरून विचारायची, "सापडला का गो आजचा?" आणि रंभाबाई आतून ओरडायची, "सापडला! सात निंगाला!" मग तानी ती बातमी विहिरीवर नेऊन पोचवायची. विहिरीवर कुणी म्हणायचं, काल नऊ होता ना? आणि तानी ऐटीत सांगायची, त्याचा काय भरवसा, तो रोज बदलतो.

वजा संख्या आल्या तेव्हा हंसा अडली. शून्याच्या खाली संख्या असते कशी? रंभाबाईनं तिला बकोटीला धरून धक्क्यावर नेलं. तिथल्या खांबावर पाण्याची खूण होती. "ही खूण म्हंजे शून्य. भरतीला पाणी वर, ते अधिक. ओहोटीला खाली, ते वजा. पाणी खाली गेलं म्हणून पाणी नाय असं हाय का?" हंसाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती म्हणाली, "आये, सरांपेक्षा तू बरं सांगितलंस." बास! त्या दिवशी रंभाबाई जमिनीवरून चालत नव्हती. तिनं तीन घरं जाऊन सांगितलं, महादूला जेवताना दोनदा सांगितलं आणि भात करपवला तो वेगळाच.

वजा गुणिले वजा म्हणजे अधिक, हे मात्र तिला दोन दिवस पचेना. दोन 'नाय' मिळून 'हाय' कसं होईल? तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तीच खो खो हसत सुटली. "अगो, बरोबर हाय! माज्या बापानं लग्नाचं विचारलं तवा मी दोनदा नाय म्हटलं, आनि लग्न झालं!" महादू जाळ्यातून मान वर न करता नुसता मिशीत हसला.

भूमिती तर तिनं घराबाहेरच काढली. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या, बोंबील यायला लागले, तेव्हा बोंबील वाळत घालायची बांबूंची वलांडी तिनं तीन-चार-पाच हातांची दोरी ताणून काटकोनात उभी केली. पाड्यावरच्या बाकीच्या वलांड्या वाकड्या आहेत, असं सगळ्यांना सांगून सगळ्यांशी भांडून झालं. बोईसरच्या बाजारात बांधकामावरचा हिंदी बोलणारा एखादा गवंडी यायचा. "बाई, बोंबील कैसे दिया?"

"पयले बोल, तिरकोन का तीनों कोन मिलाके कितना?"

गवंडीच तो. कोपरे जुळवण्यात जन्म गेलेला. "एक सौ अस्सी," म्हणाला. रंभाबाईनं दोन बोंबील फुकट घातले. मंगलाबाईनं हे सगळं ऐकलं आणि बाजारात उभी राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. रंभाबाईनं तिलाही सोडलं नाही, "बाई, तुमाला फुकट नाय. तुमी जाळणार!"

असं सगळं सुखात चाललं असताना पुस्तकात होडी आली.

हंसानं वाचलं, एक होडी प्रवाहाच्या दिशेनं बारा किलोमीटर जायला दोन तास घेते, तेच अंतर प्रवाहाच्या विरुद्ध परत यायला तीन तास घेते, तर होडीचा आणि प्रवाहाचा वेग काढा.

"थांब," रंभाबाई म्हणाली. "प्रवाहाच्या विरुद्ध परत येते? का बरं?"

"पुस्तकात तसं दिलंय."

"अगो, पण का? उलट्या पाण्यात वल्हं मारत येणारा तो कोण शहाणा? भरती लागू द्यायची, भरतीबरोबर परत यायचं. जायला दोन तास, यायला दोन तास. हे लिवणारा मेला कदी होडीत बसलाय का? विचार ह्यांना!"

आणि महादू, जो वर्षातून एखादेवेळी मत द्यायचा, त्यानं तोंड उघडलं. "नांगर टाकायचा. विडी ओढायची. पानी फिरंल."

तांडेल बोलला म्हणजे विषय संपला. त्या प्रकरणात होडीची सात गणितं होती. रंभाबाईनं सातही गणितांसमोर हंसाला पेन्सिलनं 'खोटं' असं लिहायला लावलं आणि पुढचा धडा काढला. खोटी गणितं करून पोरीचा वेळ कशाला घालवा?

ऑक्टोबरात सहामाही झाली. निकालाच्या दिवशी हंसा ओहोटीबरोबर घरी आली, तीच डोळे सुजवून. शंभरात एकतीस. चार गुण कमी. दिवाळीची सुट्टी संपली, की शेजारचा वर्ग, साधं अंकगणित, आणि मंगलाबाई म्हणाली तसं दार बंद. बाकीचा पेपर बरा होता. पण आठ गुणांचं एक गणित होतं, पुस्तकातल्या त्या होडीचंच, आणि हंसानं त्याखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'होडी भरती लागेपर्यंत थांबेल. परत यायलाही दोनच तास लागतील. गणित चुकले आहे.' सरांनी त्यावर लाल शाईनं भोपळा काढला होता.

रंभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी भरती लागताच ती शाळेत जाऊन थडकली.

सरांनी ऐकून घेतलं आणि उत्तरपत्रिका तिच्यापुढे सरकवली. "तुम्हीच घरी घेता ना तिचं बीजगणित? मग तुम्हीच वाचा आणि सांगा, कुठे गुण देऊ."

रंभाबाईनं कागद हातात घेतला. पानभर काळ्या मुंग्या आणि मधे लाल रेघा. ती बघत राहिली. पाच महिने तिला वाटत होतं, आपण हे सगळं शिकलो, आणि आता आपल्याच लेकीच्या अक्षरात होडी कुठे आहे तेसुद्धा सापडेना. तिला रडू आलं, पण सरांसमोर रडणं म्हणजे नापास होणं, म्हणून तिनं ते गिळलं.

"बाई," सर हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही."

"नाय येत."

"म्हणजे जूनमध्ये तुम्ही खोटं बोललात."

"बोलले! पोरीसाटी बोलले. ते खोटं माजं, मला काय ती शिक्षा करा. पण ह्या गणितातलं खोटं तुमचं हाय, सर! उलट्या पान्यात कोन येतो? आमच्या पाड्यावर या आनि विचारा. एक मानूस दाखवा!"

एकनाथ सर सरळ होते, पण हट्टीही होते. गणिताला खोटं म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. "येतो. येत्या रविवारी. तुमच्या पाड्यावर एकानं जरी कधी प्रवाहाविरुद्ध होडी आणली असेल, तर गणित खरं आणि हंसा शेजारच्या वर्गात. कुणीच आणली नसेल, तर मी आठही गुण देतो. कबूल?"

"कबूल!"

पाड्यावर रविवारी जत्रा भरली. एकनाथ सर शांतारामच्या होडीतून सकाळच्या ओहोटीबरोबर आले, ते दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून, डोळे मिटून. उतरल्यावर त्यांना आधी तानीच्या खाटेवर बसवलं, पाणी दिलं, लिंबू हुंगायला दिलं, दुपारचं जेवू घातलं. मग त्यांनी खिशातून वही काढली, आणि पाड्यावरचे सगळे तांडेल धुतलेल्या टोप्या घालून एकामागे एक उभे राहिले.

"प्रवाहाच्या विरुद्ध कधी होडी वल्हवलीत?"

"नाय बा!"

"तुम्ही?"

"काय येड लागलंय का, सर?"

"तुम्ही?"

महादू पुढे आला. "विडी," एवढंच म्हणाला, आणि बाजूला झाला.

सर वहीत फुल्या मारत होते. एक फुली पडली की पोरं ओरडायची, तानी टाळ्या वाजवायची. रंभाबाईला तर वाटत होतं, हंसाचा पगार आत्ताच सुरू झाला. अकरा झाले, बारा झाले. शेवटी उरला शांताराम. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"मी तर नाय नेली, सर," तो म्हणाला. "*मी* नाय नेली."

आणि त्यानं रंभाबाईकडे बघितलं.

रंभाबाईची नजर त्याच्या होडीकडे गेली. जूनमधली दुपार! बाराचा भोंगा, उतरतं पाणी, शांतारामची होडी. देवा रे, पाच महिन्यांत एकदा आठवलं नाही! आठवणार तरी कसं? तिच्या लेखी ते होडी वल्हवणं नव्हतंच, ते शाळेशी भांडायला जाणं होतं. उलट्या पाण्यात वल्हं मारत येणारा तो शहाणा कोण, म्हणून ती महिनाभर ज्याला शिव्या घालत होती, तो हीच होती की!

तिनं हंसाकडे बघितलं. हंसालाही आठवलं होतं, तिचा चेहराच सांगत होता. पोरीनं अगदी बारीक मान हलवली, नको आये, बोलू नको.

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि उत्तरपत्रिका मांडीवर घेतली. शांताराम काही सांगणार नव्हता, तो आपला माणूस. नुसतं गप्प बसायचं होतं. जन्मात पहिल्यांदा गप्प बसायचं, एवढंच! एकतीस आणि आठ एकोणचाळीस. पण रंभाबाईचा हिशोब वेगळाच निघाला. एक खोटं बोलून पोरीला वर्गात बसवलं, ते पाच महिने अंगावर वागवलं. आता दुसरं बोलून बसवायची, तर पोरगी शिकणार ते काय? आणि गणित खरं आहे हे कळून वर खोटं म्हणायचं? छे! नववीचा काही मान असतो की नाही?

"थांबा, सर," ती म्हणाली. "आनली हाय. एकदा आनली हाय. मीच."

महादूची विडी विझली. हंसा मटकन वाळूत बसली.

"कधी?" सरांनी विचारलं.

"तुमच्याकडे नाव घालायला आले त्या दिशी. मी वलीचिंब होते ना? यादी दोनला बंद व्हायची होती. भरतीला थांबले असते, तर पोरीची नववी गेली असती." तिचा आवाज फुटला आणि यावेळी तिनं तो गिळला नाही. "तुमचं गणित खरं हाय, सर. तसा शाना असतो. गरज पडली का असतो. पोरीची काय चूक नाय वो, मीच तिला खोटं लिवायला लावलं."

सरांनी वही मिटली. मग पुन्हा उघडली. गणिताचा माणूस, त्याला राहवेना. "किती वेळ लागला होता?"

"बाराच्या भोंग्याला निंगालो. तुमच्या घड्याळात दीड."

"अंतर तीन किलोमीटर. भरतीबरोबर?"

"अर्धा तास," सगळी पोरं ओरडली.

"मग..." सर वहीत कोरं पान शोधायला लागले. पण रंभाबाईनं डोळे मिटले होते आणि ती बोटांवर मोजत होती.

"पान्याबरोबर अर्ध्या तासात तीन, म्हंजे तासाला सहा. पान्याच्या उलट दीड तासात तीन, म्हंजे तासाला दोन. सहा ते माजे हात आनि खाडी मिळून. दोन ते माज्या हातांतून खाडी वजा करून. दोनी मिळवले तर खाडी खाडीला खाऊन टाकते, उरतात माजे हातच हात, दोनदा. आठ. त्याचे निम्मे चार." तिनं डोळे उघडले. "चार माजे, दोन खाडीचे."

हंसा केव्हाच उठली होती. तिनं वल्ह्याच्या टोकानं ओल्या वाळूत भराभर मांडलं, क्ष अधिक य बरोबर सहा, क्ष वजा य बरोबर दोन. खाली क्ष चार, य दोन. मग तिथंच शेजारी, कुणी न सांगता, परीक्षेतली होडी मांडली आणि तीही सोडवली. होडीचे पाच, प्रवाहाचा एक. आईच्या तोंडचं तिच्या हातातून जसंच्या तसं उतरत होतं. सर उभे राहून बघत होते आणि त्यांच्या बुटांत पाणी शिरतंय हे त्यांना कळत नव्हतं.

"रंभाबाई," सर म्हणाले, "रविवारची अट अशी होती, की उलटी होडी निघाली तर हंसा शेजारच्या वर्गात."

"व्हय," रंभाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"पण त्याच्या आधीची एक अट आहे. जूनमधली. घरी बीजगणित येणारं कुणी असेल, तर मुलगी माझ्या वर्गात बसेल." त्यांनी वाळूतल्या आकड्यांकडे बोट केलं. "आधीची अट मोठी. आणि पस्तीसचं म्हणाल, तर परीक्षेतली होडी हिनं आत्ता माझ्यासमोर सोडवली, ते आठ गुण तिचे. तुम्ही त्या दिवशी खोटं बोलला नव्हतात, बाई."

पाड्यावर जो कल्ला उठला, तो म्हणे तारापूरच्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेला. तानी नाचली, पोरं नाचली, महादूनं नवीन विडी पेटवून ती उलट्या टोकानं तोंडात घातली आणि बोंबलला. हंसा आईच्या गळ्यात पडली. रंभाबाई हसत होती, रडत होती आणि मधेच ओरडत होती, "वाळूतलं पुसू नका रे! मला बघू दे! कुठला माजा चार? कुठला?" हंसानं बोट धरून दाखवला. तिनं त्याच्यावरून हात फिरवला. तेवढा एक आकडा ती पुढे जन्मभर ओळखायची.

या सगळ्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण खाडीच्या लक्षात होतं. भरती भरून पाणी पुन्हा फिरलं होतं. ओहोटी लागली होती आणि सरांना संध्याकाळी वर शाळेच्या गावी शिकवणी होती. शांताराम म्हणाला, "भरती लागली का सोडतो."

"बाजूला हो," रंभाबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, होडी ओढली, हंसाच्या हातात करवंटी दिली. "बसा, सर. आता उलटंच जायचंय."

"किती वेळ लागेल?" सरांनी फळी घट्ट धरत विचारलं.

"दीड तास!" किनाऱ्यावरून सगळा पाडा ओरडला.

होडी शाळेच्या धक्क्याला लागली, तेव्हा सरांनी डोळे उघडून घड्याळ पाहिलं. "एक तास पन्नास मिनिटं," ते जरा विजयानंच म्हणाले. "तुमचं उत्तर वीस मिनिटांनी चुकलं, बाई."

रंभाबाईनं वल्हं आत घेतलं, कपाळावरचा घाम पुसला आणि सरांना आपादमस्तक एकदा न्याहाळलं.

"ती वीस मिनिटं तुमची, सर."